बाबांच्या मुठीची काठी

हिंजवडीच्या कंपनी बसमध्ये तो रोज शेजारी बसायचा. नाव मी कधी विचारलं नाही. एकदा त्याने डबा उघडला, तर आत कणकेचा वाळलेला गोळा आणि त्यावर बोटांचे खोल ठसे. त्या ठशांत तो बुचाचे तुकडे एकेक करून बसवून बघत होता.

"बाबांची मूठ आहे," तो म्हणाला. "भंडाऱ्याला असतात. बोटं नीट मिटत नाहीत, म्हणून मासे धरणं सोडलं त्यांनी. गळाची काठी बनवतोय. कांब मिळाली, आता मुठीसाठी बूच निवडतोय."

"का हो, दुकानं बंद पडली का?"

"दुकानदाराने माझ्या बाबांचा हात कुठे पाहिलाय?"

दिवाळीनंतर त्याने तोच डबा माझ्यापुढे धरला. आत तळलेला मासा होता.

"घ्या. बाबांनी धरलाय," तो म्हणाला, अख्ख्या बसला ऐकू जाईल असं.