रस्त्याकडे तोंड केलेली गाडी

"ताप उतरला रे! रविवारी ये, वालाचं बिरडं करायला सांगतो," असं वसंता फोनवर म्हणाला आणि मी निर्धास्त होऊन उधव्याच्या शाळेत वर्गावर गेलो. संध्याकाळी कळलं, त्याला डहाणूच्या दवाखान्यात नेलंय. डेंग्यूत ताप उतरतो तेव्हाच कधी कधी खरं संकट सुरू होतं, हे मला तिथल्या बाकावर बसून समजलं. त्याला आता काही आठवडे झाले, तरी जिवाला चैन नाही. फोन वाजला की अजून दचकतो.

वसंता माझा शाळेपासूनचा दोस्त. गंजाडला त्याची चिकूच्या कलमांची रोपवाटिका. बोलायला फटकळ आणि कुणाचं ऐकेल तर शपथ. तरुणपणी भात कापताना त्याला घोणस चावली. घरचे भगताला बोलावत होते, तोवर मी त्याला जीपमध्ये कोंबून डहाणूला नेलं. इंजेक्शनं मिळाली, गडी वाचला. ते औषध घोड्याच्या रक्तातून करतात असं कळल्यावर महिनाभर मला छळत होता, "चल, आता लाव माझ्याशी शर्यत!"

तेव्हापासून अंगणातली त्याची मोटारसायकल कायम रस्त्याकडे तोंड करून उभी असायची, किल्ली गाडीलाच. पाड्यावर कुणाला साप चावला की हा हजर. भगताशी मात्र कधी भांडला नाही. "तू मंतर म्हण ना, पण गाडीवर मागे बसून म्हण," असं सांगायचा. पुढे हा, मध्ये रोगी आणि मागे पुटपुटणारा भगत, अशी वरात मी कितीदा पाहिली आहे. रोग्याला वाटभर एकच सांगणं, "इंजेक्शन आहे. घाबरायचं नाय."

यंदा ताप आला तेव्हा त्याने अंगावर काढला. मागे एकदा डेंग्यू होऊन गेला होता ना! "एकदा झालाय, आता काय वाकडं करणार?" म्हणत कलमं बांधत बसला... दवाखान्यात धाप लागलेली, पोट फुगलेलं, तरी डॉक्टरीणबाईंना म्हणाला, "सापावर देतात तसलं काहीतरी द्या ना." सलाईनचा वेग बघत त्या म्हणाल्या, "सापाच्या औषधात विषाला अडवणारी तयार प्रतिपिंडं असतात. डेंग्यूवर तशी बनवायचं काम चालू आहे, पण आज माझ्या हातात नाहीत. शिवाय पहिल्या डेंग्यूची प्रतिपिंडं दुसऱ्या वेळी कधी कधी विषाणूलाच मदत करतात. म्हणून ते काम फार जपून करावं लागतं."

वसंता माझ्याकडे वळला. "म्हणजे आपलंच रक्त फितूर?"

घाबरायचं नाही, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण त्याच्या आधीचं ‘इंजेक्शन आहे’ हे वाक्य कुठून आणणार होतो? मी नुसताच त्याचा हात धरून बसलो. दुसऱ्या दिवशी तो गेला.

मला राग येतो, आणि तो कुणावर काढायचा तेही कळत नाही. कुठल्याशा प्रयोगशाळेत कुणीतरी त्या औषधावर मान मोडून काम करत असेल, आणि मी इथे शाळेच्या व्हरांड्यात येरझाऱ्या घालत मनातल्या मनात ओरडतो, अरे, जरा हात उचला...

परवा गंजाडला गेलो. गाडी अंगणात नुसती धूळ खात असेल, ती आत शेडमध्ये लावावी, असं वहिनींना सांगायचं होतं. गाडी पुसलेली होती. चहा पुढ्यात आला तोच शेजारीण ओरडत आली, तिच्या सुनेला साप चावला होता. मी कपाकडेच बघत बसलो.

"भावजी, बसलात काय? किल्ली गाडीलाच आहे," वहिनी म्हणाल्या.

मध्ये ती पोर बसली. भगत न सांगता मागे चढला. तिने माझा सदरा मुठीत घट्ट धरला. वसंताला जे म्हणू शकलो नव्हतो, ते माझ्या तोंडून आपोआप निघालं, "इंजेक्शन आहे. घाबरायचं नाय."

डहाणू येईपर्यंत मी तेच म्हणत राहिलो.