मुरड घातलेलं ताट

नाशिक सोडण्याआधी आईने मला शपथ घातली, "माझ्या हाताचं मामाला काही सांगायचं नाही." गेली दोनेक वर्षं तिचा हात कापतो. घास उचलला की निम्मा भात ताटाबाहेर. म्हणून तिने चारचौघांत जेवणंच सोडलं आहे. मी मुकाट्याने शपथ घेतली, पण माझा बेत ठरला होता. मामाची मुलगी वैजू देवासला चिनीमातीची ताटं करते. तिच्याकडून उंच कडेचं एक ताट करून घ्यायचं आणि आईला तिच्या भावाशेजारी जेवायला बसवायचं. ती बसेल की नाही, देव जाणे.

खलघाटला नर्मदा आली. आईने हात जोडले. जोडलेले हात तेवढे कापत नाहीत, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं. पुढे ढाब्यावर मी पराठे हाणले. तिने एक केळं खाल्लं. "माताजी, गरम रोटी लाऊँ?" ढाबेवाल्याने विचारलं. "नी भिया (नको भाऊ), पेट भरा हे," आई म्हणाली. माहेरची हवा लागली की तिची जीभ अशी आपोआप वळते. मानपूरचा घाट चढलो आणि माळवा सुरू झाला, दोन्ही अंगांना काळी माती आणि पोटरीवर आलेला गहू.

देवासला वैजूचं घर टेकडीच्या पायथ्याशी आहे आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिचं काम चालतं. सकाळी शेव घातलेले पोहे आणि जिलबी खाऊन आम्ही तिथे गेलो. ("नाश्त्याला जिलबी?" असं मी म्हटलं, आणि नंतर दोनदा घेतली.) वैजूने मातीची जाडसर पोळी लाटली आणि पीओपीच्या खोलगट साच्यावर अलगद टाकली. मग साचा दोन्ही हातांनी थोडा उचलून टेबलावर आपटला. पुन्हा आपटला. पोळी आपल्याच वजनाने हळूहळू खाली बसली. "दाबायचं नाही, ताई. दाबलं की मिट्टी फाटते. तिची ती बसते," वैजू म्हणाली.

ठरल्याप्रमाणे तिने कड उंच ठेवली होती. आईने वाकून पाहिलं.

"हे कोणासाठी? पातेलं दिसतंय."

वैजूने माझ्याकडे पाहिलं, मी साच्याकडे. आई काय समजायचं ते समजली. मला वाटलं, आता रुसून बसणार. तिने पदर खोचला, ओली कड चिमटीत धरली आणि आतल्या बाजूला मुरड घालायला लागली, करंजीला घालतात तशी. हात कापत होताच. मुरड कुठे बारीक पडली, कुठे ढब्बू.

"आत्या, मुडपलेली कड भट्टीत तडकू शकते हां," वैजू हळूच म्हणाली.

"तडकली तर तडकली. पण ताटासारखं ताट तर दिसेल," आई म्हणाली.

ताट सावलीत वाळून दोनदा भाजून निघेपर्यंत आम्ही धारला मामाकडे राहिलो. मामा आईहून धाकटा, बायको गेल्यापासून एकटा, हौसेने स्वयंपाक करणारा. त्याने दाल-बाफले केले, भुट्ट्याचा कीस केला. आईचे मात्र रोज नवे उपास निघत होते. "जिजी (थोरली बहीण), बुधवारचा कोणता उपास गं?" मामाने विचारलं. आमचं आवरलं की ती स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून जेवायची. एकदा मामाने दारातून ते पाहिलं. मला अंगणात गाठून म्हणाला, "माझ्यावर नाराज आहे का ती? खरं सांग." त्याचे डोळे भरले होते आणि माझ्या तोंडाला कुलूप होतं. त्या शपथेचा इतका राग आला मला!

शेवटी मामाच आम्हाला घेऊन देवासला आला. वैजूने भट्टी उघडली, ताट काढलं. मुरडीवर केसाएवढी रेघ होती, पण ती वरच्या वर. वैजूने टिचकी मारली, आवाज खणखणीत आला. दुधी झिलईखाली (काचेच्या थराखाली) आईची ती वेडीवाकडी मुरड कशी छान उठून दिसत होती.

दुपारी पानं घेतली. आई उभीच. मी धुतलेलं ताट मामाच्या शेजारी ठेवलं आणि त्यात वरणभात वाढला. ती कितीतरी वेळ ताटाकडे पाहत राहिली, मग बसली. पहिला घास उचलला. हात थरथरला. भात कडेकडे पळाला, आत वळलेल्या मुरडीशी अडला आणि तिच्या बोटांत परत आला.

मामाचा घास हातातच राहिला. "म्हणून ते उपास होय," तो एवढंच म्हणाला आणि आपलं ताट तिच्या आणखी जवळ सरकवलं.

"वैजू," आई म्हणाली, "भात आण गं अजून."

परतीच्या वाटेवर ताट तिच्या मांडीवर होतं, जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं. "दे, मी धरते," मी दोनदा म्हटलं. "राहू दे. माझं आहे." प्रत्येक गतिरोधकाला माझा जीव वरखाली होत होता. तिच्या हातातली कपबशीसुद्धा मी आजवर प्रेमापोटीच काढून घेत आले, पण मायेने जवळ केलं तरी माणसाचे हात मोकळे ठेवावेत, एवढं मला या प्रवासात कळलं.

खलघाटला नर्मदा आली. आईने या खेपेला हात जोडले नाहीत. ताट धरून तिने नुसती मान लववली.