कुंभार पिंपळगावला आलेली जीप

जालन्यात अण्णासाहेबांच्या ट्रस्टचा डोळ्यांचा दवाखाना होता आणि त्यात गिरिधर नावाचा कंपाउंडर होता. हुद्दा कंपाउंडरचा, कामं मात्र साऱ्या दवाखान्याची. गावोगावच्या शिबिरांत चष्मे वाटायचे, म्हाताऱ्यांना हात धरून खुर्चीत बसवायचं, आणि कुणी ऐकून घेतलं तर नेत्रदानाचा फॉर्म भरून घ्यायचा. फॉर्म पुष्कळ भरले जायचे. डोळे काही यायचे नाहीत.

लोक अडाणी म्हणून असं व्हायचं, असं कुणी सांगितलं तर बिलकुल ऐकू नका. अडाणीपणा होता तो ट्रस्टच्या मानपानाचा. माणूस गेल्यावर सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात, आणि हे काम येणारी माणसं जिल्ह्यात तेव्हा दोनच: ट्रस्टचे डॉक्टर आणि भोकरदनच्या सरकारी दवाखान्यातल्या शरयूताई. पण अण्णासाहेबांचा हुकूम होता, आपला फॉर्म असेल तिथे आपलाच डॉक्टर जाणार. मागच्या वर्षी भोकरदनमध्येच एक आजोबा वारले. शरयूताई दोन गल्ल्या सोडून राहायच्या, तरी डॉक्टर निघाले जालन्याहून, वाटेत गाडी बंद पडली आणि पोचेपर्यंत सात तास उलटून गेले. घरच्यांनी फॉर्म परत दिला. तो हातात घेताना गिरिधरला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्यात दर सोमवारी तारा यायची. बावीस वर्षांची पोर. एक डोळा लहानपणी गोवरात गेला होता, दुसऱ्याला कापूस वेचताना पऱ्हाटीची काडी लागली आणि त्यात फूल पडून दिसेनासं झालं. भावाचा हात धरून ती बाकावर बसायची आणि गिरिधरच्या पावलांचा आवाज ओळखून विचारायची, "आलं का हो काही?" चौदा महिने तो नाही म्हणत होता. सोमवार आला की दवाखान्याची पायरी चढणं त्याच्या जिवावर यायचं.

अठ्ठ्याण्णव सालच्या डिसेंबरात तो शिबिरासाठी कुंभार पिंपळगावला गेला होता. सकाळी दहाच्या सुमाराला गावातल्या रखमाजींची बायको, सोनूबाई, वारली. तिनं मागच्या शिबिरात सगळ्यांच्या आधी पुढे होऊन फॉर्मवर अंगठा उठवला होता. गिरिधर धावतच गेला. पंखा बंद केला, डोक्याखाली उशी दिली, मिटल्या पापण्यांवर ओला कापूस ठेवला. रखमाजींनी एवढं सगळं करू दिलं, पण पुढे हात आडवा धरला.

"तिनं शब्द देल्ता, तो मोडायचा न्हाई," ते म्हणाले. "पण लेकीनं तोंड पाह्यल्याबिगर डोळ्याला हात लावायचा न्हाई."

लेक म्हणजे चांगुणा, आणि ती दिलेली भोकरदनच्याही पलीकडे, जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. त्या गावात फोन नव्हता. निरोप पोचून, एसट्या बदलत ती यायची म्हणजे रात्र होणार. भावकीनं तर दिवस मावळायच्या आत सगळं उरकायचं ठरवलं होतं. शिवाय ट्रस्टचे डॉक्टर एका लग्नाला नागपूरला गेलेले. म्हणजे ना लेक पोचणार होती, ना डॉक्टर.

गिरिधर एसटीडी बूथमध्ये शिरला. अण्णासाहेबांना विचारावं तर काय उत्तर येणार हे त्याला पाठ होतं, म्हणून त्यानं विचारलंच नाही. थेट भोकरदनला फोन लावला.

"ताई, फॉर्म आमचा आहे, पण तुम्ही या," तो म्हणाला. "आणि येताना एका लेकीला सोबत आणायचंय."

फॉर्म कुणाचा, यावर शरयूताई एक शब्दही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त लेकीच्या सासरच्या गावाचं नाव लिहून घेतलं आणि भाड्याची जीप काढली.

गिरिधर ओसरीवर बसून राहिला. दर अर्ध्या तासानं कापूस ओला करायचा आणि घड्याळ बघायचं. बारा झाले, एक झाला, दोन झाले. ताराचा विचार मनात आणायचा नाही असं ठरवूनही तो येतच होता. तीन वाजून दहा मिनिटांनी धुरळा उडवत जीप आली. चांगुणाबाई उतरली ती थेट आईच्या अंगावर पडली. शरयूताई पिशवी घेऊन दाराशी उभ्या राहिल्या. उरली होती पन्नास मिनिटं, पण घाई करा असं म्हणायला दोघांचीही जीभ रेटेना.

मग चांगुणाबाईनंच पदरानं तोंड पुसलं. आईच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "घ्या ताई आता. वाटंनं समजून सांगितलं तुमी मला."

एक डोळा नागपूरहून परतलेल्या डॉक्टरांच्या हातून ताराला मिळाला, दुसरा औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात अशाच एका वाट पाहणाऱ्याला. इकडे अण्णासाहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आपला फॉर्म असताना भोकरदनला बोलावलंच कसं, म्हणून त्यांनी गिरिधरला अर्धा तास फैलावर घेतलं. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी ताराची पट्टी सोडताना ते मुद्दाम पुढे उभे राहिले. ताराला धूसर धूसर दिसू लागलं, समोरचं माणूस दिसलं, आणि तिनं हात जोडून विचारलं, "तुमीच का गिरिधरभाऊ?"

जन्मभर हारतुरे घेतलेला तो माणूस, "नाही बाई, ते तिकडे आहेत," असं म्हणून बाजूला सरकला. त्याच संध्याकाळी अण्णासाहेबांनी स्वतः भोकरदनला फोन केला. मग औरंगाबादला. आठवडाभरात तिन्ही दवाखान्यांचा एकच फॉर्म करायचं ठरलं. जो डॉक्टर जवळ असेल त्यानं जायचं, फॉर्म कुणी का भरलेला असेना.

तेरवीला गिरिधर कुंभार पिंपळगावला गेला. तुमच्यामुळे एक मुलगी बघायला लागली, तुमचे उपकार कसे फेडायचे, असं बोलायचं त्यानं वाटेत जुळवलं होतं. पण रखमाजींनीच त्याचे दोन्ही हात धरले.

"माझी माय मेली तव्हा बहीण पोचली न्हाई," ते म्हणाले. "ती आली तर नुस्ती राख. मरेपस्तोर झुरली बिचारी. माझ्या चांगुणाला तुमी आईचं तोंड दाखवलं. आमी कशाचं देलं हो, आमालाच भेटलं."

गिरिधर पंगतीत बसला आणि डोळे पुसत जेवला.

जालन्यात परतल्यावर त्यानं नव्या फॉर्मचा मसुदा काढला. मृत्यूची वेळ, पत्ता, वय, सगळं त्यात होतं. सगळ्यात वर थोडी जागा मोकळी होती. तिथे त्यानं आपल्या हातानं एक ओळ लिहिली: लेक कुठे दिली आहे?