वाराची सेंटर फॉरवर्ड

फुटबॉल म्हटलं की कोल्हापूरच्या माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही, हे मला ऑकलंडला आल्यावर कळलं. गावात सगळ्यांचीच डोकी तशी, त्यामुळे कधी वेगळं वाटलं नव्हतं. इथे सगळा देश रग्बीच्या मागे. शिक्षण संपलं, नोकरी लागली, लग्न झालं, बायको पुण्याहून आली, तरी शनिवार मला खायला उठायचा. अशाच एका शनिवारी, बॉटनी डाउन्समधल्या आमच्या भाड्याच्या युनिटपासून काही अंतरावर, एका कॉलेजच्या मैदानात मुलींची फुटबॉल मॅच दिसली. कॉलेज म्हणजे इकडे हायस्कूलच. कॉलेजची टीम सपाटून मार खात होती आणि कडेला उभे असलेले पालक एकमेकांवर खेकसत होते. मला एकदम पेठेत आल्यासारखं वाटलं.

त्यातला सगळ्यात मोठा आवाज आमच्या साहेबांचा निघाला. त्यांची किचनची कपाटं बनवायची कंपनी होती आणि मी तिथे कॉम्प्युटरवर कपाटांची ड्रॉइंग्ज करायचो. माझ्या व्हिसावर त्या कंपनीचं नाव छापलेलं होतं. नोकरी गेली की व्हिसा गेला, असा सरळ मामला. इकडे साहेबाला नावाने हाक मारायची पद्धत आहे, मीही मारायचो. त्याने साहेब साहेब राहत नाही अशातला भाग नाही. त्यांची मुलगी टीममध्ये बचावाला खेळायची. मला बघून त्यांनी जवळ बोलावलं, आणि तेव्हापासून दर शनिवारी मी त्यांच्या शेजारी उभा राहू लागलो.

वाद ठरलेला असायचा. साहेबांचं म्हणणं, कोचला घालवा. कोच म्हणजे भूगोलाचे सर, भला माणूस, शाळा सुटल्यावर फुकट शिकवायचे आणि कधी आवाज चढवायचे नाहीत. तोच त्यांचा गुन्हा. दुसऱ्या गटाच्या पुढारी एक दंतवैद्य बाई होत्या. त्यांचं म्हणणं, कोच काय करणार, खेळाडू बाहेरून आणा. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मी दोन्हीकडे माना डोलवायचो आणि मधूनमधून आपलं कोल्हापुरी ज्ञान पाजळायचो. आमच्या पेठेतही बाहेरून खेळाडू आणायचे. तो कुठे झोपतो, काय जेवतो, हे आम्ही पोरांनी कधी विचारलं नव्हतं. गोल मारतो का, एवढंच.

पुढच्या हिवाळ्याआधी दंतवैद्य बाईंना ऑकलंडच्या दक्षिणेला, पुकेकोहे गावात एक सेंटर फॉरवर्ड सापडली. सतरा वर्षांची पोरगी, घरची भाजीची शेती, पणजोबा गुजरातेतून आलेले. चेंडूवर विलक्षण ताबा होता तिचा. अडचण एकच, कॉलेजच्या हद्दीत राहत असेल तरच प्रवेश. सगळे विचारात पडले आणि साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुमच्याकडे एक खोली रिकामी आहे ना? तीही इंडियनच आहे. तुमच्यात तिला घरच्यासारखं वाटेल."

खोली रिकामी नव्हती. माझी आई येणार म्हणून आम्ही ती लावून ठेवली होती, पलंगावर नवी चादरसुद्धा घातली होती. पण मी इकडच्या बोलीत होकार देऊन टाकला, "स्वीट अ‍ॅज." घरी येऊन बायकोला सांगितलं तेव्हा तिने जाऊन त्या खोलीचं दार उघडलं. मग म्हणाली, "आणि आई?" मी म्हणालो, "पुढच्या वर्षी."

पोरगी आली ती भर थंडीत जॅन्डल, म्हणजे रबरी चपला घालून. दारात इकडच्या माओरी पद्धतीने "किआ ओरा, अंकल" म्हणाली. घरच्यासारखं वाटण्याचा प्रश्नच नव्हता. तिच्या घरी रविवारी लँब रोस्ट, आणि आजीची चार गुजराती वाक्यं सोडली तर सगळा कारभार इंग्रजीत. शेतकऱ्याची लेक म्हणून बायकोने पहिल्या दिवशी हरभऱ्याची डाळ घालून कोबीची भाजी केली. मला कोबीचा वाससुद्धा सहन होत नाही, पण पाहुण्यांसाठी गप्प बसलो. पोरीने ताट स्वच्छ केलं. "यम, थँक यू," म्हणाली. म्हणून मग दर आठवड्याला कोबी होऊ लागला.

आम्ही दोघंही नोकरीवाले. बायकोला शहरातल्या बँकेतून घरी यायला उशीर व्हायचा. म्हणून पालकांनी पोरीची रात्रीची जेवणं वाटून घेतली. सोमवारी साहेबांकडे, मंगळवारी दंतवैद्य बाईंकडे, असं शुक्रवारपर्यंत, आणि शनिवार-रविवार आमच्याकडे. हे ऐकून बायको कपाळाला हात लावून म्हणाली, "अहो, हे तर वार लावून जेवणं झालं! माझे आजोबा पुण्यात असेच शिकले. रोज एका घरी. वाराच्या घरी दोनच शब्द बोलायचे म्हणे, 'छान' आणि 'पुरे'."

मी हसलो. पण आठवडाभरात हसू जिरलं. प्रत्येक घरी तिला जेवणाबरोबर कोचिंग वाढलं जात होतं. साहेबांकडे मीठदाणी म्हणजे ती आणि मिरपूड म्हणजे समोरचा बचाव. पुढेच थांब, मागे येऊ नकोस. मंगळवारी दंतवैद्य बाई सांगणार, मागे येऊन चेंडू घे. बुधवारी तिसरंच, आणि गुरुवारी, ते भूगोलाचे सर सांगतात ते मुळीच ऐकू नकोस. शनिवारी मी पोळीचे तुकडे मांडायला घेतले तर बायको ओरडली, "जेवू द्या हो तिला!" पोरगी सगळ्यांना हो म्हणायची. ज्यांचं अन्न खायचं त्यांना नाही कसं म्हणणार?

मैदानात मग व्हायचं ते झालं. पायात चेंडू आला की ती आधी कडेकडे बघायची, आज नेमकं कुणाचं ऐकायचं ते ठरवायला. तेवढ्यात चेंडू गेलेला असायचा. गोल काही होईना. वादाला मात्र नवा विषय मिळाला. साहेब म्हणत, कोचने पोरगी वाया घालवली. दंतवैद्य बाईंच्या गटातलेच लोक कुजबुजायला लागले, पोरगीच फुसकी निघाली. हे तिच्या कानावर जाईल इतक्या जवळून बोलायचे. मी तिथेच उभा असायचो. आणि पुढच्या शनिवारी मी मुकाट्याने तिथेच जाऊन उभा राहायचो.

शेवटच्या मॅचच्या आदल्या दिवशी प्रॅक्टिसहून तिला गाडीत घेतलं. ही मॅच हरलो तर टीम खालच्या गटात जाणार होती. पोरगी खिडकीबाहेर बघत म्हणाली, "अंकल, उद्या मॅच झाल्यावर मला घरी सोडाल? परत नाही यायचं मला. इथे झोप लागत नाही. पण सगळ्यांनी खूप, हीप्स केलंय माझ्यासाठी. मला नाही सांगता येत. तुम्ही सांगा ना."

मी म्हणालो, "मला नाही सांगता येणार. साहेबांच्या कंपनीवर माझा व्हिसा आहे."

तिने पहिल्यांदा माझ्याकडे वळून पाहिलं. "म्हणजे तुम्हालाही रिक्रूट केलंय?"

मी पाऊस नसताना वायपर चालू केले.

दुसऱ्या दिवशी मॅचच्या आधी भूगोलाचे सर तिला बाजूला घेऊन म्हणाले, "आज कडेकडे बघू नकोस. घरी जशी खेळायचीस तशी खेळ." एवढंच. पोरीने दोन गोल घातले. दुसरा तर असा, की मी कोल्हापुरात असतो तर अंगातला शर्ट काढून फिरवला असता. टीम वरच्या गटात टिकली. लोकांनी तिला उचलून घेतलं. पण आता तिला कोण सोडणार?

सॉसेज भाजायच्या टेबलापाशी सगळे जमले. साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "पुढचं वर्ष आपलं! हिची धाकटी चुलतबहीणही चांगली गोलकीपर आहे म्हणे. दोघी मावतील ना त्या खोलीत?"

पोरगी बूट हातात धरून उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं. मला माझ्या आईची ती चादर आठवली. माझ्या तोंडून आधी मराठीच बाहेर पडलं, "बास झालं की ओ आता!" कुणाला काही कळलं नाही. मग इंग्रजीत म्हणालो, "नाही. ती आजच घरी जाणार आहे. खोली माझ्या आईची आहे."

साहेबांचा चेहरा तांबडा झाला. "सोमवारी बोलू," ते म्हणाले.

गाडीतलं बोलणं मी रात्री बायकोला सांगितलं होतं; तिने पोरीची बॅग आधीच भरून ठेवली होती आणि तीही आमच्याबरोबर निघाली. पुकेकोहेला पोचलो तेव्हा तिची आजी पॅकिंग शेडमध्ये कांदे निवडत होती. नात दिसल्यावर हातातला कांदा टाकून धावत आली. आम्हाला जेवल्याशिवाय सोडेना. टेबलावर मोठं भांडं आलं. पोरीने झाकण उघडून बघितलं आणि घर डोक्यावर घेतलं. "आजी! परत कोबी? कित्ती वेळा सांगितलंय मला कोबी आवडत नाही म्हणून! मी नाही खाणार!"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. चार महिने ती पोरगी आमच्याकडे ताट पुसून कोबी खात होती. आजीने शिव्या घालत तिच्यासाठी अंडी फोडली आणि पोरगी खुर्चीवर पाय घेऊन तक्रार करत राहिली. इतकं बोलताना तिला मी कधी ऐकलं नव्हतं.

खिशात माझा फोन वाजत होता. साहेबच असणार. आजी माझ्या ताटाशी मोठा डाव घेऊन आली आणि आवडला का म्हणून विचारू लागली.

"छान आहे," मी म्हणालो. तिने आणखी वाढला. मी तोही खाल्ला, आणि मग ताटावर हात धरून म्हणालो, "पुरे."