समुद्रात बुडवलेली चाकं

गाडी आली तेव्हा चाळीतल्या बायका नळावरची भांडी तशीच टाकून बघायला धावल्या, आणि बघून हसत परत गेल्या. शिग्राम होती ती. चारी बाजूंनी बंद, आत समोरासमोर दोन बैठका, पुढे गाडीवानाची उंच जागा. माझे मामा गिरगावातल्या एका वकिलांकडे गाडीवान होते. वकील वारले. मुलांनी नवी उघडी गाडी घेतली, तिच्यावर त्यांच्या पसंतीचा गाडीवान ठेवला, आणि मामांना म्हणाले, ती जुनी शिग्राम आणि म्हातारी घोडी तुम्हीच घेऊन जा, उगाच जागा अडवून बसली आहेत.

कितीतरी पावसाळे ती तबेल्यामागे उघड्यावर उभी होती. एका बैठकीतला काथ्या उंदरांनी उकरलेला, दुसरीवर कोंबडी बसत असावी, कारण पिसं आणि अंड्यांची टरफलं निघाली. एक दार सुतळीने बांधलेलं. परळला आमच्या चाळीमागे ती उभी केली तेव्हा शेजारची म्हातारी मामीला म्हणाली, "अगो, ह्या काय हाडलंस घरात?"

मामी म्हणाली, "हस, हस. उद्या बसाक येशीत तेव्हा भाडा घेतल्याशिवाय चढूक देवचंय नाय."

तिचं बोलणं असं ताठ होतं, पण गाडी आणायचा हट्ट तिने धरला होता तो माझ्यासाठी. ते मला ठाऊक होतं, म्हणून मला हसू येत नव्हतं.

मी मालवणाकडचा. आमची माणसं समुद्रावरची. मराठी तिसरी झाली आणि वडलांना होडीवर हात कमी पडू लागले, तेव्हा माझी शाळा सुटली ती सुटलीच. पुढे धाकटे भाऊ हाताशी आले, तसा मी आगबोटीने मुंबईला मामांकडे आलो आणि गिरणीत कापूस पिंजायच्या खात्यात लागलो. त्या खात्यात माणूस माणसाला दिसत नाही, नुसती पांढरी धूळ. दुसऱ्या वर्षी मला खोकला लागला. खोकता खोकता मी भिंतीला टेकून बसायचो आणि श्वास परत यायची वाट बघायचो. एकदा मामीने ते पाहिलं. मामांना म्हणाली, "ह्याच्या आवशीक मी काय तोंड दाखवू? ह्याका त्या खात्यातसून काढा."

काढून करायचं काय? तर शिग्राम दुरुस्त करायची, भाड्याने हाकायची. मामांचे गुडघे दुखत, म्हणून सकाळी त्यांनी हाकायची, दुपारनंतर मी. पण भाड्याने हाकायला पोलिसांची तपासणी लागे. साहेब गाडी बघणार, पास झाली तर गाडीला नंबर आणि गाडीवानाला बिल्ला. तपासणी शिमग्याच्या तोंडावर होती. माझ्या जॉबरने, म्हणजे आमच्या खात्याच्या मुकादमाने, सांगून ठेवलं होतं: "शिमग्यापर्यंत जागा धरून ठेवतो. मग आलास तर आलास, नाहीतर दुसरा घेतो." म्हणजे बिल्ला मिळाला तर मी त्या धुळीतून सुटलो, नाहीतर पुन्हा आत. गावी परत जायचा रस्ता होता, पण भरल्या घरात आणखी एक आजारी तोंड घेऊन कोण जाणार?

माघ-फाल्गुन आम्ही त्या गाडीला चिकटून होतो. जुना रंग विटेच्या तुकड्यांनी खरवडला. काथ्या नवा भरला, बैठकांना मामीने जाड कापड शिवलं. तिच्या बोटांना सुया टोचून रक्त येई आणि ती ते लुगड्याला पुसे. दिव्यांच्या काचा राखेने घासल्या. गाडी गाडीसारखी दिसू लागली. मला मात्र रोज वाटे की काहीतरी राहतंय. माझा स्वभावच तसा. मामा चिडत, "तू बघलंस की बरा झालेला पण बिघाडता."

राहिलं होतं ते चाकांचं. लाकूड वर्षानुवर्षं उन्हात वाळून आटलेलं. आरे मधल्या लाकडी तुंब्यात खुळखुळत. घेराच्या लाकडी तुकड्यांच्या सांध्यांत नख जाई. बाहेरून जी लोखंडी पट्टी असते, तिला धाव म्हणतात, ती ढिली पडलेली. वकिलांच्या घरी चाक बिघडलं की गाडी कारखान्यात जाई आणि दुरुस्त होऊन येई. मध्ये काय करतात ते मामांनी कधी पाहिलं नव्हतं. आम्ही लोहाराकडे गेलो तर त्याच्या दारात चाकांची रांग लागलेली. "शिमग्याआधी हात रिकामा नाही," तो मान वर न करता म्हणाला.

परत येताना मामा एकदम थांबले. "आम्ही खुळे मरे! होडी सुकान पडली की काय करतंव?"

मी म्हटलं, "पाण्यात बुडवतो."

"मगे?"

आमच्याकडे होडी बरेच दिवस वाळूवर कोरडी राहिली की फळ्या आटतात, फटी पडतात. तेव्हा ती मुद्दाम पाण्यात बुडवून ठेवतात. लाकूड फुगतं, फटी आपोआप बुजतात. हे मी लहानपणापासून पाहिलेलं. मला ते इतकं बरोबर वाटलं की मी रस्त्यातच मोठ्याने हसलो. लाकूड ते लाकूड!

वरळीच्या कोळीवाड्यात मामीच्या ओळखीची एक मासळीवाली होती. तिच्या होडीशेजारी जागा मिळाली. हातगाडीवर चारी चाकं लादून आम्ही नेली, दोर बांधून, वर दगड ठेवून समुद्रात बुडवली. मासळीवाली कमरेवर हात ठेवून बघत होती. "काय रं, चाकांना पवायला शिकवता काय?" सुकट पसरणाऱ्या बायका खदखदून हसल्या. मामा म्हणाले, "शिकली की तुझ्या नवऱ्याक देतंय, वल्हवाक."

काही दिवसांनी चाकं काढली तेव्हा त्यांना खाऱ्या पाण्याचा वास येत होता आणि ती दगडासारखी पक्की झाली होती. आरा हलेना. धाव ठोकली तर घंटेसारखी वाजली. मामांनी मला मिठीच मारली. चाकांना काळा रंग दिला, आसाला वंगण घातलं, घोडी जुंपून चाळीभोवती फेरी मारली. शेजारची म्हातारी गॅलरीतून ओरडली, "बरी दिसता हां!"

दुपारी चाळ रिकामी असे. सगळे गिरणीत. मी एकटा गाडीच्या सावलीत बसून कातडी पट्ट्यांना तेल चोळायचो. फाल्गुनातला कोरडा वारा सुटला होता. एका दुपारी मला आवाज आला. टक्. बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, टक्. मला वाटलं पाल असेल. मी मागच्या चाकाला कान लावला. आवाज आतून येत होता.

संध्याकाळी मामांना सांगितलं. ते म्हणाले, "रंग सुकता."

दुसऱ्या दिवशी तो आवाज चारी चाकांतून येऊ लागला. तिसऱ्या दिवशी सांध्यांवरचा नवा रंग चिरला. मी नख घालून पाहिलं. ते आत गेलं, पहिल्यापेक्षाही खोल. मामी कमरेवर घागर घेऊन उभी होती. तिने चाकाकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं.

"होडी पाण्यातच रवता," ती म्हणाली. "तुमचा चाक खय रवतला?"

एवढी साधी गोष्ट आम्हा दोघांच्या डोक्यात आली नव्हती. होडी उद्या पुन्हा पाण्यात जाणार असते, म्हणून ती फुगलेलीच राहते. चाकाला उन्हातान्हात रस्त्यावर फिरायचं असतं. भिजून फुगलं तेव्हा लाकूड आपल्याच सांध्यांत चेपलं गेलं, आणि सुकल्यावर पूर्वीहून बारीक झालं.

तपासणी परवावर आली होती. मामा घोडीला गवत घालत, माझ्याकडे पाठ करून म्हणाले, "भिजत ठेव. तपासणीपुरती टिकली की झाला. बिल्लो मिळालो की मगे लोहार."

मी चाकांना ओली पोती गुंडाळली आणि ती सुकू दिली नाहीत. प्रत्येक घागरीगणिक माझी भीती वाढे. चाक तपासणीत मोडेल म्हणून, की तपासणीत न मोडता नंतर कुणाला घेऊन मोडेल म्हणून, हे तेव्हा मला धड सांगता आलं नसतं.

भायखळ्याकडच्या एका मोकळ्या जागेत तपासणी होती. गाड्यांची ही भली मोठी रांग, आणि डोक्यावर ऊन. आमचा नंबर लांब होता. मी बालदी घेऊन पुन्हा पुन्हा नळावर जात होतो. धूळ पुसल्यासारखं करून चाकांवर पाणी ओतायचं. शेजारच्या गाडीवरचा दाढीवाला गाडीवान मजेत बघत होता. "अरे ओ, घोडी को छोड के चाक को पानी पिलाता है?" मी मान खाली घातली. ओतलेलं पाणी डोळ्यांदेखत उडून जात होतं. रांग पुढे सरके, आमची गाडी पुढे सरके, आणि मला दर वेळी ते ऐकू येई, टक्.

मामी आमच्यासाठी भाकरी घेऊन चालत आली होती. ती सावलीला बसली.

आमची पाळी आली. साहेबाने दारं उघडून पाहिली, बैठका दाबल्या, दिवे पाहिले. छडीने एका चाकावर ठोकलं. ओलं होतं, आवाज बरा आला. मी श्वास सोडला. साहेब हवालदाराला काहीतरी म्हणाला. हवालदाराने मराठीत सांगितलं, "माणसं बसवून एक फेरी मारून दाखवा. दौडत."

आधीच्या गाड्यांत त्यांची माणसं चढून बसली होती. आमच्याकडे कोण होतं? हवालदाराने सावलीकडे बोट दाखवलं. "ती बाई तुमचीच ना? बसवा."

मामी उठली. पदर सावरला आणि सरळ गाडीत चढून बसली. तिला चाकांचं सगळं ठाऊक होतं, पोतीही तिनेच आणून दिली होती. आत बसून तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि समोर बघत म्हणाली, "हाका."

मामा वर जागेवर होते. लगाम हातात, पण हात हलत नव्हते. साहेबाने घड्याळ काढलं. मामांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. पुढचं चाक माझ्या अगदी जवळ होतं. मामी चढल्यावर त्याचा एक सांधा उघडला होता आणि त्यातून पाण्याचा थेंब बाहेर आला होता. मला खात्याची धूळ आठवली, भिंत आठवली. एक फेरी, मी मनात म्हटलं. फक्त एक फेरी.

"मामी, उतर," मी म्हटलं.

"कित्याक?"

"उतर तू आधी."

मग मामा खाली आले. टोपी काढून हवालदाराला म्हणाले, "चाक पक्कं नाही आमचं. भिजवून आणलंय."

हवालदाराने ते साहेबाला सांगितलं. साहेब आमच्याकडे आणि माझ्या हातातल्या बालदीकडे पाहत राहिला. मग त्याने खडूने गाडीच्या दारावर फुली मारली. हवालदार म्हणाला, "साहेब विचारतात, पक्कं नव्हतं तर आणली कशाला? पुढच्या तपासणीला या." दाढीवाला हसला नाही. त्याने आपली घोडी मागे घेऊन आम्हाला वाट दिली.

रिकामी गाडी घेऊन आम्ही तिघं चालत घरी आलो. मला वाटत होतं, आता मोडेल, आता मोडेल. मोडलं नाही. लालबाग आलं, चाळ आली, चारी चाकं तशीच. त्याचाच मला जास्त त्रास झाला. म्हणजे फेरी झाली असती की काय? शिमगा झाल्यावर मी पुन्हा खात्यात उभा राहिलो आणि पुढे कितीतरी दिवस, श्वास अडकला की, हाच विचार करत होतो.

मामीने रोज रात्री माझ्या पाठीला तेल चोळलं, आणि चोळताना ती इतकी जोर लावी की मला वाटे ती माझ्यावर रागावली आहे. एकदा मी तसं विचारलं. ती म्हणाली, "तोंड मिट."

शिमग्यानंतर लोहार मोकळा झाला. सुट्टीच्या दिवशी मी मामांबरोबर गेलो. लोहाराने पुढचं चाक आडवं टाकलं आणि हातोडा शोधायला वळला. मी सहज धावेला हात लावला. ती निघाली. वाळलेल्या मनगटातून बांगडी निघावी तशी, हलक्या हाताने. मामा बाजूच्या दगडावर बसले.

लोहाराने आरे ठोकून बसवले, धावेचा तुकडा कापून ती लहान केली, पुन्हा सांधली, शेणी पेटवून लाल केली. दोघांनी सांडशीने उचलून ती चाकावर टाकली तेव्हा लाकडाने पेट घेतला. मामा ओरडलेच, "जळता! अरे, जळता!" लोहार म्हणाला, "जळू द्या जरा," आणि मग पाणी मारलं. वाफेत काही दिसेना. लोखंड आवळत गेलं तसे सांधे कडकड वाजत मिटले. हाच आवाज मला इतके दिवस हवा होता.

वैशाखात पुन्हा तपासणी झाली. मामी परत आत बसली आणि मामांनी फेरी दौडत मारली. साहेबाने आम्हाला ओळखलं की नाही, कळलं नाही. बिल्ले मिळाले. मी जॉबरला सांगायला गेलो तर तो म्हणाला, "जा बाबा, तुझा खोकला ऐकून माझी माणसं घाबरतात."

माझं पहिलं भाडं लालबागहून गिरगावात जायचं होतं. उपरणं घेतलेले एक गृहस्थ होते. ट्रामचे घोडे शेजारून गेले, हमालांच्या गाड्या गेल्या, आणि मी सबंध वाट मान एका बाजूला झुकवून चाकं ऐकत होतो. उतरताना ते गृहस्थ मला खालीवर न्याहाळून म्हणाले, "काय रे गाडीवान, मानेला काही झालंय का?"

"नाही जी," मी म्हटलं. "जरा ऐकत होतो."