न बसणारी कॅसेट

"अगं, करून तर बघ, बसेल," असं कुणी म्हटलं की माझं आजही डोकं फिरतं. आठवीच्या दिवाळीच्या सुट्टीत पनवेलच्या आमच्या घरात हे वाक्य मी येईल त्याच्याकडून ऐकलं. करून झालं होतं. बसत नव्हती.

बसत नव्हती ती व्हिडिओ गेमची कॅसेट. बॉक्सिंगची. माझा मामा, आईचा थोरला भाऊ, उरणकडच्या मिठागरवाल्यांच्या घरातला, मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होता. जहाजावर खलाशांच्या बसायच्या खोलीत टीव्हीला गेमचं यंत्र जोडलेलं होतं आणि तिथे तो हा गेम खेळायचा. त्याच्या पत्रात घरच्यांची चौकशी दोन ओळींत उरकलेली असायची, बाकी पानभर बॉक्सर. आपला गडी पाठमोरा आणि टीचभर, समोर एकेक धिप्पाड. प्रत्येकाची एक खोड असते, ठोसा मारण्याआधी तो ती करतोच. ती ओळखायची, चुकवायचं आणि मग हाणायचं. शेवटच्या चॅम्पियनबद्दल मात्र त्याने एवढंच लिहिलं होतं की तो समोरासमोर दाखवीन. त्या एका वाक्यावर मी सात महिने काढले. मला त्या शेवटच्याला आडवा करायचा होता, बाकी काही नको होतं.

दिवाळीला मामा आला. सुक्या बोंबलांच्या पिशवीतून त्याने वर्तमानपत्रात गुंडाळलेली कॅसेट काढली. करडी, भलीमोठी. आमच्या घरी जो व्हिडिओ गेम होता त्याच्या कॅसेट पिवळ्या, तळहातात मावणाऱ्या. ही उंचीला जवळजवळ दुप्पट आणि रुंदीलाही जास्त. एक टोक खाचेत घातलं की दुसरं बाहेर. बाबा म्हणाले सरळ दाब. आई म्हणाली धूळ असेल, फुंकर मार. शेजारचे काका कडा घासायला कानस घेऊन आले, तेव्हा मी कॅसेट फ्रॉकखाली लपवली.

शेवटी बाजारपेठेतल्या टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने ती खोलून पाहिली आणि शांतपणे सांगितलं की एकच गेम जपानसाठी वेगळा निघतो, अमेरिकेसाठी वेगळा. तुमचं यंत्र जपानी यंत्राची नक्कल, कॅसेट अमेरिकेची. आतल्या पट्टीवरच्या दातांची संख्यासुद्धा जुळत नाही. मध्ये लावायचा जोड मिळतो असं त्याने ऐकलं होतं, पाहिला मात्र कधी नव्हता. तिकडे न्हावा शेव्याच्या बंदरात जगभरचे कंटेनर उतरत होते, त्यांचे ट्रक आमच्या पळस्पे फाट्यावर रात्रंदिवस धूळ उडवत होते, आणि त्यातल्या एकातही बोटभर जोड नसावा, याचा मला भयंकर राग आला.

त्याहून जास्त राग मामाचा आला, कारण त्याला काही वाटतच नव्हतं. घरी येऊन त्याने बाह्या वर सारल्या, टीपॉय भिंतीला लावला आणि म्हणाला, "ऊठ बाय, मी दावतो."

आणि तो एकेक बॉक्सर झाला. पहिला मारण्याआधी डावा पाय आपटतो. दुसरा हनुवटी आत घेतो. तिसरा तीन पावलं मागे जातो, म्हणजे मामा थेट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला, आणि तिथून धावत आला. मी चुकवायचं. नाही चुकवलं तर खांद्यावर हलकी टपली. चार दिवस हेच चाललं, शेवटचा तेवढा राहिला. मी तोंड फुगवून मान इकडून तिकडे करत होते. मला मामाशी खेळायचं नव्हतं, गेम खेळायचा होता.

पुढच्या वर्षी तो आणखी एक कॅसेट घेऊन आला. चेहरा असा की आता बोल. कुठल्याशा बंदरातल्या दुकानदाराला त्याने खुणेने सांगितलं होतं की याच गेमची एकदम नवीन दे. दुकानदाराने नवीनच दिली होती. त्या गेमची पुढची आवृत्ती, पुढच्या यंत्रासाठी काढलेली. तिचा आकारच निराळा. ती कानस मारूनही बसली नसती.

मी आधी हसले आणि मग रडायला लागले. मामा पुन्हा बाह्या वर करू लागला. म्हणाला, यातले पण दाखवतो, आणि तो शेवटचाही राहिलाय.

"बस कर मामा," मी म्हणाले. "नुसता नाचतोस. तुला एक गोष्ट नीट आणता येत नाही."

बाबांनी पेपर वर घेतला. मामाने बाह्या खाली केल्या, बटणं लावली आणि आईकडे चहा मागितला. त्यानंतर तो चॉकलेटं आणायचा, साबण आणायचा, कॅसेट कधी आणली नाही. शेवटच्या बॉक्सरचं नाव त्याने काढलं नाही आणि मीही काढलं नाही.

गेल्या वर्षी मी एक छोटं यंत्र घेतलं, जुने गेम आतच भरलेलं. टीव्हीला वायर लावली, दोन मिनिटांत चालू. जे दोन वर्षं जमलं नव्हतं ते हे. मला आनंद व्हायला हवा होता, पण मी चिडलेच. मग पहिल्या बॉक्सरने पाय आपटला आणि माझी मान आपोआप वळली. तिसरा मागे सरकला तेव्हा मला आमच्या स्वयंपाकघराचं दार दिसलं. हा गेम आयुष्यात कधी हातात धरला नव्हता, तरी एका रविवारात शेवटचा सोडून सगळे आडवे केले.

मग तो शेवटचा आला. तीन आठवडे तो मला पहिल्याच फेरीत झोपवत होता. त्याची खोड काही सापडेना. दर वेळी पडले की माझाच आवाज ऐकू यायचा, बस कर मामा. त्या दिवशी गप्प बसले असते तर आज कळलं असतं. स्वतःच्या तोंडाची इतकी चीड मला कधी आली नव्हती.

शेवटी यंत्र पिशवीत घालून गावी मामाकडे गेले. त्याने सत्तरी ओलांडली आहे, गुडघे गेलेत. मी सरळ सांगितलं की तेव्हा मी चुकले. आता सांग, तो शेवटचा मारण्याआधी काय करतो?

मामा खुर्चीत सरकून बसला.

"बाय, त्याच्यापरेंत आमी कुनी पोचलोच नाय. आख्ख्या जहाजावरचा एक पन नाय. तू बस बोललीस तवा मी सुटलो. नायतर तुला काय दावनार होतो?"

इतकी वर्षं मी मनाला लावून घेतलं होतं ते हे. मला त्याच्यावर ओरडावंसं वाटलं आणि त्याच्या पायाही पडावंसं वाटलं. दोन्हींतलं काही केलं नाही. यंत्र पिशवीतून काढायला वाकले तर त्याने हाताने थांबवलं.

"ते राहू दे. तू त्याला पायलंस ना? मग ऊठ. मला दाव."

मी टीपॉय भिंतीला लावला. मुठी वर केल्या आणि तीन आठवडे मार खाऊन जेवढं कळलं होतं तेवढं केलं. मामा खुर्चीतल्या खुर्चीत मान हलवत होता, दर वेळी उशिरा. मी त्याच्या खांद्यावर हलकी टपली मारली.

"समजला नाय," तो म्हणाला. "परत कर."

मी परत पहिल्यापासून सुरुवात केली.