शनिवारी मार्था वाचायची

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. पोरांनाही नाही. मग तुमालाच का? कुणास ठाऊक.

आधी एक मान्य करा — पूर्णेत माझ्यासारखा उपदेशक झाला नाही. रेल्वेची माणसं ड्यूटीवरून तशीच देवळात — चर्चला आमी देऊळच म्हणतो — यायची आन् हलायची नाहीत. काय आवाज होता! अजून हाय.

पण आवाज माझा — डोळे कुणाचे? निजामाच्या अमलात माझी सगळी शाळा उर्दूत झाली. मराठी बोलायला फाडफाड, वाचायला ठार आंधळा. मग शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायचं कुणी? आमच्या मार्थानं. माझी बायको, नगरकडं मिशनच्या शाळेत शिकलेली. शनिवारी दार लावून ती उतारा वाचायची, मी तिच्या वाटणीच्या भाकरी थापायचो. लय गोल यायच्या, बरं का! रविवारी शास्त्र पुढं धरून सगळं पाठ म्हणायचो. पानसुद्धा वेळेवर उलटायचो.

आमी पूर्णेला नवे होतो तेव्हाची गोष्ट. परभणीहून पाळकसाहेब आले. बायांना लिहायला-वाचायला शिकवायचा वर्ग काढायचा होता. मला म्हणाले, "तुमच्या मंडळी शिकवतील का?" मार्था दारातच उभी होती. तिचा चेहरा असा फुलला — मी बघितला, बघितला मी. आन् म्हणालो... कसं सांगू?

"तिला अक्षर येत नाही, साहेब."

ती वाचते हे कळलं, तर मला कोण वाचून दाखवतं तेही कळेल — ही भीती. ती आत गेली. वर्ग निघालाच नाही.

आन् त्याच आठवड्याला उतारा कोणता यावा? प्रभूमध्ये बाई पुरुषावाचून नाही, पुरुष बाईवाचून नाही. मला वाटलं, आता काही ही वाचत नाही. तिनं वाचलं. चार शब्द इकडचे तिकडं केले असते, तर भर देवळात माझी फजिती झाली असती. तिनं हळू, दोनदा वाचलं. माझी भाकर करपली.

रविवारी असा बोललो, की बायांनी डोळ्याला पदर लावले. साहेबांनी पाठ थोपटली. मला अभिमान वाटला — हो, तेव्हाही वाटला.

त्या रविवारी मार्थानं गीतांचं पुस्तक घरीच ठेवलं होतं. माझा शब्द खोटा पडू नये म्हणून. मी वाचता येत नसून शास्त्र धरून उभा, ती वाचता येत असून रिकाम्या हातानं बसलेली.

मरेपर्यंत ती देवळात तशीच बसली.